पुरात भिजलेल्या लॅपटॉपचा बोर्ड बदलला, आता विंडोज अ‍ॅक्टिव्हेट होईना – मार्गदर्शन करा

सीनाकाठ (परांडा)
नमस्कार मंडळी. परांडा तालुक्यात आमच्या गावात माझं सेवा केंद्र आहे, सातबारा, उत्पन्नाचे दाखले, पीकविमा, फार्मर आयडी सगळं इथंच चालतं. २०२५ च्या सप्टेंबरात घट बसले त्याच टायमाला सीनेला पूर आला, इकडं हेलिकॉप्टरनं माणसं काढावी लागली हे तुम्ही बातम्यात बघितलंच असंल. आमच्या दुकानात रात्रीतून पाणी शिरलं आणि लॅपटॉप टेबलासकट पाण्यात गेला. पाणी उतरल्यावर काढला, चालू करून बघितला नाही, तसाच संभाजीनगरला एका रिपेअरवाल्याकडं पाठवला. त्यानं सांगितलं की मदरबोर्डावर (आतल्या मुख्य सर्किटवर) गाळ बसून गंज चढलाय, बोर्ड वाचत नाही, पण एसएसडी, म्हणजे डेटा असलेली डिस्क, चांगली आहे. मग त्याच मॉडेलचा सेकंडहँड बोर्ड, नवा कीबोर्ड आणि नवी बॅटरी असं टाकून दिलं.

लॅपटॉप चालू झाला, माझी सगळी फाईल जिथल्या तिथं आहे. पण स्क्रीनवर उजवीकडं खाली विंडोज अ‍ॅक्टिव्हेट करा असं यायलंय. सेटिंगमध्ये बघितलं तर कोड आहे ०एक्ससी००४एफ२११ आणि खाली लिहिलंय की या डिव्हाईसचं हार्डवेअर बदललंय. लॅपटॉप घेतला तेव्हा विंडोज १० होमच आत आलं होतं, नंतर फुकटात ११ झालं. बिल आणि खोकं दोन्ही पुरात गेलं. आणखी एक त्रास म्हणजे रात्री बंद करून सकाळी चालू केला की पोर्टल उघडत नाही, जरा वेळ खटपट करावी लागते, सर्व्हर डाऊन असंल म्हणून सोडून देतो. शेजारच्या गावातला केंद्रवाला म्हणायलाय की क्रॅक (लायसन्सशिवाय विंडोज चालवणारा चोरीचा प्रोग्राम) मारून देतो, पाच मिनिटाचं काम. दिवाळी तोंडावर आहे, अतिवृष्टीच्या अनुदानासाठी ज्यांचा फार्मर आयडी नाही त्यांची ई-केवायसी राहिलीय, लोकं सकाळपासून दारात येऊन बसायलेत. काय करू सांगा.

मांजराकाठ (लातूर)
दादा आधी एक सांगतो, घाबरू नका. अ‍ॅक्टिव्हेशन (मायक्रोसॉफ्टकडून लायसन्सची पडताळणी) गेलं म्हणजे विंडोज बंद पडत नाही. वॉलपेपर, रंग, थीम बदलता येत नाही, कोपऱ्यात ती ओळ राहते, अधूनमधून सेटिंगमध्ये जा म्हणून सांगतं, एवढंच. अपडेट येत राहतात, प्रिंटर चालतो, अंगठ्याचं मशीन चालतं. म्हणजे उद्या लोकांची केवायसी करायला काहीच अडचण नाही, ती करत राहा. आणि हे सगळं करायच्या आधी पेनड्राईव्ह नाही तर बाहेरची हार्डडिस्क लावून डेटाची कॉपी काढून ठेवा. पुरातून आलेल्या लॅपटॉपचा भरवसा नाही, गंज हळूहळू वर येतो, आज चाललं म्हणून महिनाभरानं चालंलच असं नाही.

गोदाकाठचा (नांदेड)
ऑनलाईन विंडोजची की (लायसन्सचा पंचवीस अक्षरी कोड) मिळते की तीनचारशे रुपयाला, ती टाका अन् मोकळे व्हा. कशाला एवढं.

बोर्डलेव्हल (छ. संभाजीनगर)
मी चिप लेव्हलचं काम करतो, या पुरानंतर भिजलेले लॅपटॉप रोज टेबलावर येतायत म्हणून जरा सविस्तर लिहितो.

लॅपटॉपसोबत जे विंडोज येतं त्याचं लायसन्स एसएसडीवर नसतं, मदरबोर्डावर असतं. सातबाऱ्यावर जसं जमिनीला नाव लागतं, घर पाडून नवं बांधलं तरी नाव जमिनीवरच, तसं समजा. विंडोज ८ पासून म्हणजे २०१२ पासून कंपन्या की बोर्डावरच्या बायोस चिपमध्येच (लॅपटॉप सुरू करणारा मूळ प्रोग्राम असलेली चिप) भरून पाठवतात, एमएसडीएम नावाच्या टेबलात. म्हणून आता लॅपटॉपच्या बुडाला पंचवीस अक्षरांचं स्टिकर दिसत नाही. एसएसडी बदला, रॅम वाढवा, स्क्रीन टाका, अ‍ॅक्टिव्हेशनला काही होत नाही. बोर्ड बदलला की मायक्रोसॉफ्टच्या दृष्टीनं लॅपटॉपच बदलला. तुमच्या एसएसडीवरचं विंडोज अजून जुन्या बोर्डाची की धरून बसलंय आणि खालचं हार्डवेअर त्या कीशी जुळत नाही, म्हणून एफ२११.

आता सीनाकाठ दादा, काही करायच्या आधी मला तीन गोष्टी बघून सांगा. स्टार्टमध्ये सीएमडी शोधून त्यावर राईट क्लिक करून रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर करा. त्यात एसएलएमजीआर, स्पेस, /डीएलआय असं इंग्रजीतून टाईप करून एंटर मारा. एक छोटी खिडकी उघडंल, त्यात एडिशनचं नाव, चॅनल, लायसन्स स्टेटस आणि कीची शेवटची पाच अक्षरं असतात. दुसरं, पॉवरशेल (विंडोजमधलीच कमांड चालवायची खिडकी) उघडून सॉफ्टवेअर लायसन्सिंग सर्व्हिसमधून ओए३एक्स ओरिजिनल प्रॉडक्ट की काढायची कमांड चालवा, अचूक स्पेलिंगसकट व्यक्तिगत निरोपात पाठवतो. जुन्या व्हिडिओत त्यासाठी डब्ल्यूएमआयसी नावाची कमांड सांगतात, ते नवीन विंडोज ११ मध्ये आता बहुतेक ठिकाणी सापडत नाही. त्या कमांडनं आत्ता बसवलेल्या बोर्डाच्या बायोसमधली की दिसते, नसली तर मोकळी ओळ येते. तिसरं, सकाळी चालू केल्या केल्या खाली घड्याळात तारीख काय दाखवतं ते बघा.

की दिसली तर इथं टाकू नका बरं का. फक्त शेवटची पाच अक्षरं वरच्या पाच अक्षरांशी जुळतात का एवढंच सांगा.

परभणीकर_गुरुजी
गोदाकाठचा, तुमच्या तीनचारशेच्या कीबद्दल. त्या बहुतेक एखाद्या कंपनीच्या नाहीतर कॉलेजच्या व्हॉल्यूम लायसन्समधून (एकाच वेळी खूप मशीनसाठी घेतलेल्या) बाहेर काढलेल्या असतात, एकच की शेकडो लोकांना विकतात. आधी अ‍ॅक्टिव्हेट होतं, चार महिने चालतं, मग मायक्रोसॉफ्टनं ती की ब्लॉक केली की ०एक्ससी००४सी००३ येतं, किंवा मर्यादा संपली की ०एक्ससी००४सी००८. विकणारा तोवर नाव बदलून दुसरं दुकान टाकून बसलेला असतो.

बोर्डलेव्हल (छ. संभाजीनगर)
आणि क्रॅकचं तर नावच काढू नका, हे मी कळकळीनं सांगतोय. क्रॅक चालवायचा म्हणलं की पहिलं सांगतात अँटीव्हायरस बंद करा. कुठल्या अनोळखी माणसानं बनवलेली फाईल, तिला अ‍ॅडमिनची परवानगी आणि राखणदार बंद. घरच्या पिक्चर बघायच्या लॅपटॉपवरही मी करणार नाही, तुमच्या लॅपटॉपवर तर गावाचे आधार नंबर आहेत, बँक पासबुकाच्या स्कॅन आहेत, सेवा केंद्राचा लॉगिन आहे. ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले पासवर्ड चोरणारे प्रोग्राम या क्रॅकसोबत येतात. ज्या माणसाचं सोयाबीन पाण्यात गेलं त्याच्या खात्यावर येणाऱ्या अनुदानाला आपल्या लॅपटॉपवरून धोका होता कामा नये.

अंबाजोगाईची_ताई
एकदम बरोबर. मी पण केंद्र चालवते. लोकं अंगठा देतात ते आपल्यावर विश्वास ठेवून. गावातल्या म्हाताऱ्या बायांना ओटीपी काय असतो तेही ठाऊक नसतं, सांगितलं तिथं अंगठा ठेवतात. सर, एक विचारायचं होतं, विंडोजऐवजी लिनक्स (फुकट मिळणारी दुसरी सिस्टिम) टाकलं तर हा सगळा प्रश्नच मिटतो ना?

बोर्डलेव्हल (छ. संभाजीनगर)
ताई, घरी वापरायला, लेकरांच्या अभ्यासाला, लिहायवाचायला लिनक्स मिंट नाहीतर उबुंटू उत्तम, लायसन्सचा प्रश्नच नाही आणि जुन्या लॅपटॉपवर हलकं चालतं. पण केंद्रावर अंगठ्याच्या मशीनचं आरडी सर्व्हिस (मशीन आधारशी जोडणारा प्रोग्राम), स्कॅनरचा ड्रायव्हर हे सगळं विंडोजवर बसवलेलं असतं, ते ऐन गर्दीत हलवणं परवडणार नाही.

सीनाकाठ (परांडा)
सर बघितलं. पहिल्या खिडकीत नाव आलंय विंडोज कोअर सिंगल लँग्वेज एडिशन, खाली ओईएम डीएम चॅनल, लायसन्स स्टेटस नोटिफिकेशन. पॉवरशेलमध्ये पण एक पंचवीस अक्षरी की आली! शेवटची पाच अक्षरं वेगळी आहेत, जुळत नाहीत. आणि तारीख, तुम्ही म्हणलात म्हणून सकाळी नीट बघितलं, २०२० सालचा जानेवारी दाखवायलंय. रिपेअरवाल्यानं देताना बरोबर करून दिली होती, मग मी काही लक्ष दिलं नाही तिकडं.

बोर्डलेव्हल (छ. संभाजीनगर)
मग तर सगळा उलगडा झाला दादा.

कोअर सिंगल लँग्वेज म्हणजेच होम सिंगल लँग्वेज, आपल्याकडं दुकानातल्या बहुतेक स्वस्त लॅपटॉपवर तेच येतं. ओईएम डीएम म्हणजे कंपनीनं बायोसमधून दिलेलं लायसन्स. शेवटची अक्षरं जुळत नाहीत याचा अर्थ विंडोज जुन्या बोर्डाची की वापरतंय आणि नव्या बोर्डाच्या पोटात त्याची स्वतःची वेगळी की आहे. एसएसडी आयती उचलून लावली की विंडोज नवी की आपणहून उचलंलच असं नाही, ती हातानं द्यावी लागते.

सकाळी पोर्टल न उघडण्याचं कारण ती चुकीची तारीख. सर्व्हर डाऊन नव्हता. तारीख २०२० ची असली की वेबसाईटचं सुरक्षा प्रमाणपत्र अजून सुरूच झालेलं नाही असं ब्राउझरला वाटतं आणि तो साईट उघडू देत नाही. थोड्या वेळानं विंडोज इंटरनेटवरून वेळ दुरुस्त करून घेतं मग उघडते. अ‍ॅक्टिव्हेशनच्या सर्व्हरलाही तीच अडचण येते, त्याचा कोड ०एक्स८००७२एफ८एफ.

आता क्रम नीट पाळा. लॅपटॉप इंटरनेटला जोडा. सेटिंगमध्ये टाईम अँड लँग्वेजमध्ये जाऊन टाईम झोन चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली म्हणजे प्लस साडेपाच आहे का बघा आणि सिंक नाऊ दाबा. तारीख बरोबर झाली की मगच सिस्टिम, अ‍ॅक्टिव्हेशन, चेंज प्रॉडक्ट की मध्ये जाऊन बोर्डाची ती पंचवीस अक्षरी की टाका. कमांडनं करायचं असंल तर एसएलएमजीआर /आयपीके आणि पुढं की, मग एसएलएमजीआर /एटीओ. की कॉपी पेस्ट करा, हातानं टाईप करताना बी आणि आठ, जी आणि सहा यात घोळ होतो.

एक अट आहे, ती पाळा. ही की त्या बोर्डासोबतची आहे म्हणून बोर्डाबरोबर ती चालणं रास्त आहे, पण रिपेअरवाल्याकडून बिल घ्या, बिलावर बोर्ड बदलल्याचं आणि बोर्डाचा सिरीयल नंबर लिहून घ्या. बोर्ड कुठून आला हा प्रश्न उद्या निघाला तर हातात कागद पाहिजे.

गोदाकाठचा (नांदेड)
सर, मघाशी की विकत घ्या म्हणालो खरं पण माझाच एक प्रश्न अडकलाय. पुतण्याच्या लॅपटॉपवर चहा सांडला, बोर्ड बदलला, आता चालू केला की निळ्या स्क्रीनवर बिटलॉकर रिकव्हरी की टाका म्हणून ४८ आकडी नंबर मागायलाय. आम्ही कधी असलं कुलूप लावलंच नाही. रिपेअरवाला म्हणतोय फॉरमॅट मारा. आत त्याच्या इंजिनीअरिंगच्या प्रोजेक्टचं सगळं आहे, दोन वर्षाचं.

बोर्डलेव्हल (छ. संभाजीनगर)
दादा थांबवा त्याला, फॉरमॅट मारू देऊ नका. आधी फोन करा मग पुढचं वाचा.

तुम्ही कुलूप लावलं नसलं तरी विंडोजनं लावलेलं असतं. मायक्रोसॉफ्ट अकाऊंटनं लॅपटॉप चालू केला की अनेक मॉडेलवर डिव्हाईस एन्क्रिप्शन (बिटलॉकरनं डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणं) आपोआप सुरू होतं, होम एडिशनवर सुद्धा, आणि विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून तर आणखी जास्त मशीनवर. कुलपाची किल्ली टीपीएम नावाच्या सुरक्षा भागात असते आणि टीपीएम बोर्डावर किंवा प्रोसेसरमध्ये. बोर्ड गेला की ती किल्ली गेली, मग विंडोज ४८ आकडे मागतं. सीनाकाठ दादांचा लॅपटॉप लोकल अकाऊंटवर (मायक्रोसॉफ्टच्या लॉगिनशिवाय) असणार म्हणून त्यांना हे विचारलं नाही.

ही की ज्या मायक्रोसॉफ्ट अकाऊंटनं पहिल्यांदा लॅपटॉप चालू केला त्या अकाऊंटमध्ये जमा असते. मोबाईलवरून अकाऊंट डॉट मायक्रोसॉफ्ट डॉट कॉमवर लॉगिन करा, डिव्हाईसेसमध्ये त्या लॅपटॉपखाली बिटलॉकर की बघा. निळ्या स्क्रीनवर की आयडी दिसतो, त्याची पहिली आठ अक्षरं साईटवरच्या आयडीशी जुळली पाहिजेत. घरात कुणाकुणाच्या ईमेलनं लॉगिन केलं असंल ते सगळे बघा, कॉलेजच्या ईमेलनं केलं असंल तर कॉलेजच्या कॉम्प्युटर विभागाला विचारा. की मिळाली नाही तर मात्र डेटा कुणालाच काढता येत नाही, मलाही नाही, मायक्रोसॉफ्टलाही नाही. कुणी पैसे घेऊन काढून देतो म्हणला तर देऊ नका.

मांजराकाठ (लातूर)
हे तर लॅपटॉप रिपेअरला द्यायच्या आधीच बघून ठेवायला पाहिजे. चालू होत असंल तोवर.

बोर्डलेव्हल (छ. संभाजीनगर)
तेच सांगायलो. स्क्रीन फुटली असंल पण आत चालू असंल तर एचडीएमआयनं टीव्हीला जोडा, बिटलॉकरची की आणि बायोसमधली की दोन्ही वहीत लिहून ठेवा, मग रिपेअरला द्या. पण पाण्यात गेलेल्याला हे लागू नाही बरं, तो चालू करायचाच नाही. चार्जर काढा, बॅटरी काढता येत असंल तर काढा, उलटा ठेवा आणि जितक्या लवकर होईल तितक्या लवकर कारागिराकडं न्या. तांदळात पुरून ठेवू नका, तांदळानं बोर्डाखालचं पाणी निघत नाही. पुराच्या पाण्यात गाळ आणि क्षार असतात, नुसतं सुकवलं तर ते बोर्डावरच राहतात, आयसोप्रोपाईल अल्कोहोलनं धुवावं लागतं.

परभणीकर_गुरुजी
सर, आमच्या शाळेसाठी एका दात्यानं कंपनीतले जुने लॅपटॉप दिले. त्यात एंटरप्राईज एडिशन आहे आणि अ‍ॅक्टिव्हेशनला ०एक्ससी००४एफ०७४ येतंय. सहा महिने व्यवस्थित चालले होते.

बोर्डलेव्हल (छ. संभाजीनगर)
गुरुजी ते केएमएसचं लायसन्स, कंपनीच्या आतल्या सर्व्हरवरून १८० दिवसांसाठी मिळतं आणि त्या मुदतीच्या आत परत त्या सर्व्हरशी संपर्क व्हावा लागतो. शाळेतून तो सर्व्हर कुठून सापडणार. एसएलएमजीआर /एक्सपीआर मारलं की मुदतीची तारीख दिसते. त्या लॅपटॉपच्या बायोसमध्ये मूळची होम किंवा प्रोची की आहे का तीच पॉवरशेलची कमांड मारून बघा, असंल तर बॅकअप घेऊन नव्यानं विंडोज टाका. इन्स्टॉल करताना सेटअप बायोसमधली की वाचून तीच एडिशन निवडतं. होमची की असताना प्रो टाकायला गेलात तर अ‍ॅक्टिव्हेट होणार नाही, हे दुकानात रोज बघतो. की नसलेल्या मशीनवर मुलांसाठी मिंट टाका.

सीनाकाठ (परांडा)
सर झालं!! आधी तारीख सिंक केली, मग की टाकली, जरा वेळ गोल फिरलं आणि विंडोज इज अ‍ॅक्टिव्हेटेड आलं, कोपऱ्यातली ओळ पण गेली. पोर्टल पहिल्या झटक्यात उघडलं. रिपेअरवाल्याला फोन केला, तो बिल व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो म्हणलाय, सिरीयल नंबर टाकून. तुमचे लई उपकार झाले. आता ही तारीख रोज सकाळी बरोबर करत बसायची का?

बोर्डलेव्हल (छ. संभाजीनगर)
छान झालं दादा. नाही, रोज कशाला. बोर्डावर सीआर२०३२ चं बटन सेल असतं, लॅपटॉपमध्ये बहुतेक दोन वायरच्या छोट्या सॉकेटला लावलेलं, काळ्या नाही तर पिवळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं. त्या सेकंडहँड बोर्डासोबत आलेला सेल संपलाय. स्वस्तातली वस्तू आहे, पण वायरचं टोक तुमच्याच मॉडेलचं बघून घ्या, सॉकेट वेगवेगळं असतं. काही नवीन मॉडेलला हा सेल नसतोच, मोठ्या बॅटरीवरच घड्याळ चालतं, तसं असंल तर नव्या बॅटरीची वायर नीट बसलीय का बघायला सांगा. तोवर सकाळी नेट जोडलं की सिंक दाबायचं आणि मग पोर्टल.

आणि आता मायक्रोसॉफ्ट अकाऊंट जोडायचं ठरवलं तर डिव्हाईस एन्क्रिप्शन चालू होतंय का तेवढं बघा, झालं तर ४८ आकडी की कागदावर लिहून घरी ठेवा, दुकानात नको.

अंबाजोगाईची_ताई
सर माझा विंडोज १० आहे, १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा सपोर्ट संपला म्हणतात. मग अ‍ॅक्टिव्हेशन पण जाणार का?

बोर्डलेव्हल (छ. संभाजीनगर)
नाही ताई, अ‍ॅक्टिव्हेशन आहे तसंच राहतं, लॅपटॉप चालत राहतो. बंद होतात ते सुरक्षेचे अपडेट, आणि केंद्रासाठी तेच महत्त्वाचे. सेटिंगमध्ये विंडोज अपडेटमध्ये जाऊन ११ ला पात्र आहे का बघा, असंल तर फुकटात होतं आणि लायसन्स तसंच पुढं जातं. पात्र नसंल तर त्याच पानावर वाढीव अपडेटसाठी नाव नोंदवायची सोय दिसते का बघा, ते ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात.

गोदाकाठचा (नांदेड)
सापडली! पुतणीच्या ईमेलमध्ये होती, अ‍ॅडमिशनच्या वेळी तिनंच लॅपटॉप चालू करून दिला होता. आठ अक्षरं जुळली, आकडे टाकले आणि प्रोजेक्ट सगळं जसंच्या तसं आहे. आता अ‍ॅक्टिव्हेशनचा तोच एफ२११ यायलाय पण बायोसच्या कमांडला मोकळी ओळ येते. याला काय?

बोर्डलेव्हल (छ. संभाजीनगर)
म्हणजे तुमच्या नव्या बोर्डात की नाहीच. लॅपटॉप वॉरंटीत असंल आणि कंपनीच्या सर्व्हिस सेंटरनं बोर्ड बदलला असंल तर त्यांच्याकडं परत न्या, नव्या बोर्डात की भरून देणं त्यांचं काम आहे. बाहेर बदलला असंल तर एकदा अ‍ॅक्टिव्हेशन ट्रबलशूटरमध्ये पुतणीच्या अकाऊंटनं लॉगिन करून हार्डवेअर बदललंय हा पर्याय निवडून बघा. लॅपटॉपसोबत आलेलं लायसन्स बोर्डाला बांधलेलं असल्यामुळं होईलच अशी खात्री देत नाही. नाही झालं तर रिटेल (वेगळं विकत मिळणारं) लायसन्स घ्या, महाग आहे पण ते एका मशीनवरून काढून दुसऱ्यावर टाकता येतं, पुढं लॅपटॉप बदलला तरी वाया जात नाही. घाई करू नका, प्रोजेक्ट जमा होईपर्यंत कोपऱ्यातली ओळ राहू द्या, काम थांबत नाही.